वल्ह्याच्या होडीतून ट्रोलिंग करताना दोरी वारंवार का तुटते आणि कोणती निवडावी

खाडीत होडी वल्हवत मागे लुअर, म्हणजे माशाला भुलवणारे कृत्रिम आमिष, ओढत नेणाऱ्यांची, म्हणजेच ट्रोलिंग करणाऱ्यांची, एक तक्रार ठरलेली असते. झडप जोरदार बसते, रॉड वाकतो, रीळ एकदा करकरते आणि मग एकाएकी सगळे सैल पडते. दोरी गुंडाळून पाहिली तर लुअर गेलेला असतो. पुढच्या खेपेला वीस पौंडांच्या जागी चाळीस पौंडांची दोरी आणली जाते, तीही तुटते, आणि वर नवी अडचण अशी उभी राहते की लुअर पूर्वीइतका खोल जात नसल्यामुळे झडपाच कमी होतात. अधिक ताकदीची दोरी लावूनही ती तुटत असेल, तर ताकद हे तुटण्याचे कारण नव्हते असे धरून तपास तुटलेल्या टोकापासून सुरू करावा.

येथे विचार केला आहे तो इंजिन नसलेल्या लहान होडीचा. लाकडी होडी असो, उलांडीची (तोल राखायला बाजूला आडवे लाकूड जोडलेली) होडी असो किंवा अलीकडे बऱ्याच हौशी मंडळींकडे दिसणारी प्लास्टिकची कयाक असो, वल्हवणारा आणि मासा ओढणारा माणूस एकच असतो, तो बसलेला असतो आणि दोरी पाण्यात असताना त्याचे दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले असतात. ठिकाण म्हणजे बाणकोट, दाभोळ, जयगड, कर्ली किंवा तेरेखोल यांसारख्या खाड्या, आणि मासे म्हणजे जिताडा, अर्थात गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तो, तांबोशी, गोब्रा, आणि खाडीच्या मुखाबाहेर थोडे गेल्यास सुरमई. मोटारबोटीवरून खोल समुद्रात केल्या जाणाऱ्या ट्रोलिंगचे सल्ले या परिस्थितीला जसेच्या तसे लावले की निम्म्या चुका तेथेच होतात.

तुटलेले टोक काय सांगते

दोरी तुटल्यावर मनस्तापाने ते टोक कापून नवी गाठ मारण्याची घाई करू नये. टोक उजेडात धरून पाहावे आणि त्यावरून दोन बोटे फिरवावीत. नायलॉनचे, म्हणजे आपल्याकडच्या तंगूसाचे, टोक स्प्रिंगसारखे वळलेले दिसले तर दोरी तुटलेली नाही, गाठ सरकून सुटली आहे. अशा वेळी जाड दोरी आणल्याने उलट नुकसान होते, कारण दोरी जितकी जाड तितकी गाठ पूर्ण आवळून बसणे कठीण. गाठ ओढण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी, हळूहळू आवळावी आणि टोक अगदी मुळाशी कापू नये. कोरडी गाठ झटक्याने आवळली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन त्या जागी कमकुवत होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. साधी एकेरी गाठ तर नायलॉनची ताकद जवळपास निम्म्यावर आणते, त्यामुळे दोरीत मध्येच आपोआप पडलेली गाठ दिसली की ती न सोडवता तेवढा तुकडा कापून टाकणे बरे.

टोक स्वच्छ, धारदार शस्त्राने कापल्यासारखे असेल तर दात किंवा कल्ल्यांवरचे धारदार झाकण यांपैकी काहीतरी कारण आहे. सुरमईचे दात त्रिकोणी आणि धारदार असतात. तिच्यासाठी वीत-दीड वीत तारेचा लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि लुअर यांच्यामधला वेगळा तुकडा, लावण्याखेरीज खात्रीचा उपाय नाही, कितीही जाड नायलॉन तिच्या दातांखाली टिकेल असा भरवसा धरता येत नाही. जिताड्याचे दात मात्र बारीक, ब्रशाच्या केसांसारखे असतात. तो दोरी कापतो ती कल्ल्यांवरच्या झाकणाच्या धारेने, डोके जोरात हलवताना. त्या माशाला तार लावण्याची गरज नाही, जाड लीडर पुरतो.

तुटलेल्या टोकाच्या वर हात-दीड हात दोरी खरखरीत लागत असेल, तर मासा तिला खडकावर, कांदळवनाच्या मुळांवर किंवा कालवांवर घासून गेला आहे. खाडीतले खडक, जुन्या जेट्टीचे खांब आणि दगडी बंधारे कालवांनी भरलेले असतात, आणि कालवाच्या कडेला ताणलेली दोरी टेकली की तिच्या वेष्टनावर छापलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तांबोशी आणि गोब्रा हे दोन्ही मासे झडप घातल्याबरोबर आपल्या कपारीकडे वळतात, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांतच हे घडते. येथे वाढवायची असते ती लीडरची जाडी. रिळावरची सगळी दोरी जाड करणे हा चुकीच्या जागचा उपाय होय.

टोक लुअरपासून बरेच दूर, दोरीच्या मध्यावर तुटलेले निघाले तर संशय रॉड आणि रिळावर घ्यावा. रॉडच्या कड्यांमधील चिनी मातीसारख्या कठीण रिंगेला सूक्ष्म तडा गेला असेल तर ती दरवेळी दोरी किसत राहते. कापसाचा बोळा प्रत्येक कड्यातून फिरवून पाहावा; तंतू जेथे अडकतात तेथे दोष आहे. रिळाचा छोटा रोलर, ज्यावरून दोरी वळून आत जाते, तो मिठाने जाम झाला असेल तर दोरी एकाच जागी घासून तेथे चर पडतो. हे दोष असताना माणूस वर्षभर दोरीच्या कंपन्या बदलत बसतो.

जाडी, खोली आणि वेग

दोरी निवडताना पौंडांकडे पाहण्याची सवय आपल्याला दुकानाने लावली आहे. ट्रोलिंगमध्ये त्याहून आधी पाहायची गोष्ट म्हणजे जाडी, मिलिमीटरमध्ये. मागे वीस-तीस मीटर दोरी सोडली की पाणी त्या संपूर्ण लांबीला अडवते आणि वर ढकलते. हा विरोध जाडीच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो. लुअरच्या खोक्यावर लिहिलेली खोली ही ठरावीक जाडीच्या दोरीवर मोजलेली असते. त्याहून जाड दोरी लावली की तोच लुअर वर तरंगत चालतो. मग माणूस शिसे जोडतो, होडी जराशी मंदावली की शिसे तळाला जाते, कालवांत अडकते, आणि दोरी तुटते. जाड दोरीमुळे दोरी तुटली, असे हे उफराटे कारण आहे आणि ते मी अनेकांच्या होडीत पाहिले आहे.

पातळ असून बळकट असलेली दोरी म्हणजे पॉलिइथिलीनच्या तंतूंची विणलेली, ज्याला सगळे ब्रेडेड म्हणतात ती. तीस पौंडांची ब्रेडेड दोरी साधारण ०.२८ मिलिमीटर जाडीची असते, तर वीस पौंडांचे नायलॉन ०.४० ते ०.४५ मिलिमीटर. म्हणजे कमी ताकदीचे नायलॉनही सुमारे दीडपट जाड, आणि रिळावर तितक्याच लांबीसाठी जागा दुपटीहून अधिक. जपानी पद्धतीचा आकडा पुडक्यावर असल्यास त्याचा हिशेब वेगळा आहे: क्रमांक १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर, आणि क्रमांक चौपट झाला की जाडी दुप्पट होते, म्हणजे क्रमांक ४ ची दोरी ०.३३ मिलिमीटर. हा आकडा एकदा समजला की पुडक्यावरच्या पौंडांच्या जाहिरातीला भुलण्याचे कारण राहत नाही. स्वस्त दोऱ्यांवर जाडी लिहिलेल्यापेक्षा बरीच जास्त असू शकते. नायलॉनच्या बाबतीत पेन्सिलीवर एकमेकांना चिकटून वीस वेढे घेऊन त्यांची एकूण रुंदी पट्टीने मोजावी आणि वीसने भागावे. ब्रेडेड दोरी चपटी होत असल्याने तिचे माप या रीतीने अंदाजेच येते.

पौंडांचा आकडाही नीट वाचावा लागतो. एक पौंड म्हणजे ०.४५४ किलो, त्यामुळे वीस पौंड म्हणजे नऊ किलोंच्या आसपास. पण बहुतेक पुडक्यांवर लिहिलेली ताकद ही ‘किमान इतकी’ या अर्थाने असते आणि प्रत्यक्षात दोरी त्याहून अधिक ताण घेते. १९३९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनच्या विक्रमांसाठी बनवलेली ‘क्लास’ दोरी मात्र लिहिलेल्या आकड्याच्या आत, तीही ओल्या अवस्थेत, तुटावी अशीच बनवलेली असते. दोन पुडक्यांवर तोच आकडा असूनही एक दोरी तुटते आणि दुसरी टिकते, यामागे कधीकधी एवढेच कारण असते. ओल्या अवस्थेचा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण नायलॉन पाणी शोषते आणि भिजल्यावर त्याची ताकद दहा ते वीस टक्क्यांनी घटते. पॉलिइथिलीन आणि फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाहीत.

वेगाविषयी एक गैरसमज येथेच दूर करायला हवा, कारण तो दोरीवर थेट परिणाम करतो. पुष्कळ जण मोबाइलमधील वेग पाहून वल्हवतात. मोबाइल जमिनीच्या संदर्भातला वेग दाखवतो. लुअरला जाणवतो तो पाण्यातला वेग. ओहोटीचे पाणी ताशी दोन किलोमीटरने वाहत असेल आणि होडी प्रवाहाबरोबर चालली असेल, तर मोबाइल पाच दाखवील तेव्हा लुअर तीनच्या वेगाने चाललेला असतो. उलट दिशेला, तेवढेच वल्हवून, मोबाइल एक दाखवील, आणि लुअरचा वेग तरीही तीनच असेल. हे न कळल्यामुळे प्रवाहाविरुद्ध जाताना माणूस मोबाइलवरचा आकडा चारवर आणण्यासाठी जिवाच्या आकांताने वल्हवतो. लुअर तेव्हा ताशी सहाने ओढला जात असतो, दोरीवरचा पाण्याचा विरोध चौपट झालेला असतो, लुअर वर येऊन गरगर फिरू लागतो आणि दोरीला पीळ भरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे फार घडते, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, कमी. मोबाइलऐवजी रॉडचे टोक पाहावे. लुअर नीट चालत असेल तर टोक एकसारखे थरथरते. थरथर थांबली तर लुअरला शेवाळ किंवा प्लास्टिक लागले आहे, आणि टोक ताठ वाकून राहिले तर वेग जास्त आहे.

ताण खाणारी दोरी आणि न खाणारी दोरी

जाडीचा हिशेब पूर्णपणे ब्रेडेड दोरीच्या बाजूने जातो, तरी नायलॉन निकालात निघत नाही. नायलॉन तुटण्यापूर्वी पंधरा ते तीस टक्के लांबते. ब्रेडेड दोरी जेमतेम तीन ते पाच टक्के. वीस मीटर नायलॉन मागे असेल तर झडपेचा पहिला झटका काही मीटर लांबणाऱ्या दोरीत विरून जातो. ब्रेडेड दोरीवर तोच झटका गाठीवर, गळावर आणि माशाच्या ओठावर एकाच क्षणी येतो, आणि ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक, घट्ट असेल तर यांपैकी जे सर्वांत दुबळे ते जाते. दोरी न तुटता गळ सरळ झालेला किंवा त्यावर ओठाचा कपटा राहिलेला दिसतो तो यामुळे.

वल्ह्याच्या होडीत याला आणखी एक पदर आहे. इंजिन होडीला एकसारखे ओढते, वल्हे मात्र ठोक्याठोक्याने. प्रत्येक ठोक्याला होडी पुढे सरसावते आणि मग मंदावते, त्यामुळे लुअरही धावतो आणि थबकतो. हे थबकणे माशाला भुलवणारे असते. कित्येक झडपा वल्हे पाण्याबाहेर असतानाच बसतात. नायलॉनवर ही चाल बोथट होते, ब्रेडेडवर ती लुअरपर्यंत जशीच्या तशी पोहोचते. म्हणून माझा कौल असा: रिळावर ब्रेडेड दोरी, आणि झटका खाण्याचे काम दोरीऐवजी मऊ टोकाच्या रॉडने आणि सैल ड्रॅगने करावे. ज्याच्याकडे आखूड आणि ताठ रॉडच आहे आणि तो बदलणे शक्य नाही, त्याने मात्र ०.३५ ते ०.४० मिलिमीटरचे नायलॉन वापरावे, लुअर थोडा वर चालेल हे स्वीकारावे आणि गरज वाटल्यास जास्त खोल बुडणारा लुअर घ्यावा.

फ्लुरोकार्बन रिळभर भरण्याचा सल्ला कधीकधी मिळतो. ते पाण्यापेक्षा बरेच जड असते, घनता सुमारे १.७८, त्यामुळे बुडते हे खरे; नायलॉनची घनता १.१४ च्या आसपास आहे आणि ब्रेडेडची ०.९७, म्हणजे ती तरंगते. पण ट्रोलिंगमध्ये दोरी सतत ओढलेली असते आणि तेथे वजनापेक्षा जाडीचा प्रभाव मोठा ठरतो. पाण्यात दिसत नाही हा फ्लुरोकार्बनचा दुसरा गुण. खाडीच्या गढूळ पाण्यात त्यासाठी पैसे मोजणे व्यर्थ आहे. त्याचा खरा उपयोग लीडर म्हणून होतो, कारण त्याचा पृष्ठभाग कठीण असल्याने घासणे ते अधिक सोसते. चाळीस ते साठ पौंडांच्या जाड नायलॉनचा लीडरही जिताड्यासाठी चालतो आणि स्वस्त पडतो.

लीडर सव्वा ते दीड मीटर लांबीचा असावा. होडीत बसलेल्या माणसाला रॉड फार उंच करता येत नाही, आणि लीडर लांब असेल तर जोडगाठ रॉडच्या कड्यांत शिरते व माशाने शेवटची धाव घेतली की तेथेच अडकून तुटते. जोडगाठींपैकी एफजी गाठ बारीक असल्याने कड्यांतून सहज जाते, पण ती हलत्या होडीत बांधणे सोपे नाही, घरून बांधून न्यावी. पाण्यावर पुन्हा बांधायची वेळ आली तर दुहेरी युनी गाठ बरी. ब्रेडेड दोरी निसरडी असल्याने नायलॉनवर मारतो तितके वेढे तिला पुरत नाहीत, दोन-चार अधिक घ्यावे लागतात.

ब्रेडेड दोरीची आणखी एक फसवी तक्रार म्हणजे ड्रॅग कितीही आवळला तरी दोरी सुटतच राहणे. रीळ बिघडले असे वाटते. प्रत्यक्षात गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे रिळाच्या ज्या भागावर दोरी गुंडाळतात त्यावर, सगळी दोरी एकत्र फिरत असते. खाली आठ-दहा मीटर नायलॉन गुंडाळून त्यावर ब्रेडेड भरली की हे थांबते. भरताना ओल्या फडक्यातून ताणून भरावी, कारण सैल भरलेल्या दोरीत वरचा वेढा झडपेच्या वेळी खाली रुततो, आणि मग दोरी अडकून थेट रिळापाशी तुटते.

दोरी किती बळकट नसावी

या प्रश्नाचा विचार क्वचितच होतो, आणि लहान होडीत तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मोटारबोटीचे वजन टनांत असते. कयाक, माणूस आणि सामान मिळून सव्वाशे किलोंच्या आसपास. दोन किलोंचा ताण एवढ्या होडीला ओढत न्यायला पुरतो. म्हणजे मासा मोठा असेल तर होडीच त्याच्या मागे जाते आणि ड्रॅगचे अर्धे काम करते, त्यामुळे मोटारबोटीवर लागते तेवढ्या ताकदीची दोरी येथे लागतच नाही. पण लुअर कालवांच्या खडकात अडकला आणि ओहोटीचे पाणी जोरात असले, की तीच दोरी नांगर बनते, तोही होडीच्या काठावर बांधलेला. प्रवाह होडीला आडवी करतो, रॉड ज्या बाजूच्या होल्डरमध्ये आहे ती बाजू खाली दबते, आणि पन्नास पौंडांची दोरी व पूर्ण आवळलेला ड्रॅग असेल तर होडी उलटण्याइतपत ताण येऊ शकतो.

म्हणून वल्ह्याच्या होडीसाठी वीस ते तीस पौंडांची ब्रेडेड ही माझ्या मते वरची मर्यादा आहे, आणि लीडर जाड असला तरी जोडगाठ ही साखळीतली सर्वांत दुबळी कडी राहू द्यावी, म्हणजे तुटलीच तर लीडरपासून तुटेल आणि पाण्यात मीटरोगणती दोरी राहणार नाही. ट्रोलिंग करताना ड्रॅग एक ते दीड किलोवर ठेवावा. तो अंदाजाने लावू नये. दोरीच्या टोकाला ताणकाटा अडकवून, रॉड होल्डरमध्ये असेल त्याच कोनात धरून, दोरी सुटू लागते तो आकडा पाहावा. मासा लागल्यावर वल्हे बांधून ठेवून रॉड हातात घेतला की मग ड्रॅग दोन-अडीच किलोंपर्यंत वाढवता येतो. मासा लांब धावला आणि स्पूल रिकामे होत आले तर ड्रॅग आपोआप घट्ट होतो हे ध्यानात असावे: स्पूलवरच्या दोरीचा व्यास निम्मा झाला की तोच ड्रॅग दुप्पट ताण देतो. त्या वेळी ड्रॅगची चक्री आणखी आवळणाऱ्यांची दोरी हमखास तुटते.

लुअर अडकलाच तर आधी वल्हवत त्याच्या वर किंवा पलीकडे जावे. अडकण्याच्या उलट दिशेने ओढल्यावर तो बहुतेक वेळा सुटतो. सुटत नसेल तर होडीचे नाक दोरीच्या रेषेत आणावे, दोरी लाकडाच्या तुकड्याभोवती गुंडाळावी आणि सरळ ओढून तोडावी. ब्रेडेड दोरी हाताला कधीही गुंडाळू नये, ती कातडी आणि मांस दोन्ही कापते. प्रवाह जास्त असेल तर विचार न करता सुरीने कापावी. त्यासाठी सुरी पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी बांधलेली असावी. उलांडीच्या होडीत रॉड उलांडीच्या विरुद्ध बाजूला लावावा, नाहीतर होडी वळवताना दोरी उलांडीच्या बांधणीत गुरफटते.

पीळ

नायलॉन वेढेवेढे होऊन रिळावरून उसळत असेल किंवा ब्रेडेडमध्ये आपोआप गाठी पडत असतील, तर दोरीला पीळ चढला आहे. ट्रोलिंगमध्ये त्याची मुख्य कारणे दोन. पहिले, वाकडा चालणारा किंवा फार वेगाने ओढलेला लुअर. होडीच्या कडेला दोन-तीन मीटर दोरीवर तो चालवून पाहिला की लगेच कळते. दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते: स्पिनिंग रिळावर मासा दोरी घेऊन जात असताना हँडल फिरवत राहणे. रिळाचे प्रमाण पाचास एक असेल तर हँडलच्या प्रत्येक फेऱ्यागणिक दोरीला पाच पीळ बसतात. ड्रॅग करकरत असेल तेव्हा हात थांबवावा. चांगल्या प्रतीचा बेअरिंगचा स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, लीडरच्या वर लावल्याने लुअरचा पीळ अडतो, हँडलचा नाही.

चढलेला पीळ काढण्याची सोय वल्हवणाऱ्याइतकी कोणाकडेच नसते. लुअर, स्विव्हल सगळे काढून नुसती दोरी शंभरेक मीटर मागे सोडावी आणि मोकळ्या पाण्यात थोडा वेळ वल्हवावे. पीळ आपोआप उलगडतो. जवळून दुसरी होडी जात नाही एवढे पाहावे.

दोरी किती सोडली आहे हे न कळल्यामुळेही लुअर तळाला लागतो आणि दोरी तुटते. दर दहा मीटरला रंग बदलणारी ब्रेडेड दोरी मिळते, ती घ्यावी. किंवा साध्या दोरीवर वीस आणि तीस मीटरला मार्करने खुणा कराव्यात. वल्ह्याची होडी आवाज करत नाही, त्यामुळे उथळ खाडीत वीस-पंचवीस मीटर पुरेसे असतात.

रॉड न वापरता दोरी हातात किंवा वल्ह्याशेजारी धरून ओढणारे अजूनही पुष्कळ आहेत, आणि त्यांना वरचा सगळा ब्रेडेडचा सल्ला गैरलागू आहे. हातदोरीसाठी ०.७० ते ०.९० मिलिमीटरचे तंगूसच योग्य, कारण येथे जाडी माशासाठी नव्हे, बोटांसाठी लागते, आणि झटका खाणारा रॉड नसल्यामुळे नायलॉनचे लांबणे हाच एकमेव बफर असतो. लुअर वर चालतो ही उणीव दोरी थोडी जास्त सोडून आणि वेग कमी ठेवून भरून काढता येते.

नायलॉन उन्हाने खराब होते; पडवीत ऊन येते अशा जागी टांगलेली हातदोर एका हंगामात ठिसूळ होते आणि तिची ताकद घटल्याचे वरून दिसत नाही. तिचा एक तुकडा दोन्ही हातांनी झटक्याने ओढून पाहावा, सहज तुटला तर सगळी बदलावी. ब्रेडेड उन्हाला अधिक टिकते, तिचा रंग उडाला म्हणून ती टाकून देऊ नये. प्रत्येक वेळी घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवावे, पण जोराच्या धारेखाली धरू नये, त्याने मीठ आणि वाळू आत जाते. वर्षभर वापरलेल्या ब्रेडेडचे पुढचे तीस-चाळीस मीटरच काय ते झिजलेले असतात. ती सगळी दुसऱ्या रिळावर काढून उलटी भरली की आतले कोरे टोक वर येते आणि तीच दोरी आणखी एक हंगाम चालते. नायलॉनला हे करू नये. आतल्या वेढ्यांची वळणे त्यात कायमची बसलेली असतात.